मापाची छत्री

हिंगणीत सगळे म्हणत, मोठ्या बाईंचं डोकं फिरलेलं आहे. म्हणोत बापडे. जे म्हणत त्यांतल्या कितीतरी लोकांच्या ओसरीवर बाईंची छत्री आडवी पडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती पडल्यावर त्यांचे चेहरे कसे उतरत तेही पाहिलं आहे. तेव्हा वेडं कोण नि शहाणं कोण, हे मला कुणी सांगायला येऊ नये.

बाई तिथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी वर्ध्याला ट्रेनिंग करून त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली. शाळेच्या मागं दोन खोल्या होत्या, एकीत बाई आणि एकीत मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "माझ्या खोलीत विचारल्याशिवाय यायचं, पण माझ्या छत्रीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." मला वाटलं, म्हातारपणी माणसाला एकेका वस्तूचा सोस असतो. बाई तशा म्हाताऱ्या नव्हत्या. पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, हाडापेराच्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. चालायला लागल्या की मागच्याला पळावं लागे.

ती छत्री पुरुषी होती. काळी, वाकड्या मुठीची, जाड काठीची. बाई घराबाहेर पडल्या की ती काखेत असायचीच, पण उघडलेली कुणी कधी पाहिली नाही. चैत्र-वैशाखात आमच्याकडं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. बाई डोक्यावर पदर घेऊन त्या उन्हातून जात आणि छत्री मिटलेलीच. पावसात तर गंमतच. बाई नखशिखान्त भिजलेल्या आणि काखेत छत्री. रस्त्यातली माणसं ओरडून सांगत, "अवो बाई, छत्री उघडा ना!" बाई तितक्याच मोठ्यानं ओरडत, "ही पावसाची नाही, मापाची आहे!"

माप कशाचं, तर आईबाप लेकरांशी घरात कसे वागतात याचं. बाईंचं म्हणणं असं, की पोरगी शाळेत का बोलत नाही, का दचकते, का कोपऱ्यात बसते, हे शाळेत बसून कळत नाही. घरी जाऊन पाहावं लागतं. आणि नुसतं पाहून भागत नाही, कारण पाहणारा आपल्याला हवं ते पाहतो. मोजावं लागतं. म्हणून रविवारी सकाळी बाई निघत. हजेरीचं निमित्त काढून एखाद्या घरी जाऊन बसत. चहा आला तर घेत, नाही आला तर मागत. इकडच्या तिकडच्या गोष्टी करता करता बाप कुठं बसला आहे आणि पोरगी येऊन कुठं टेकते, यावर त्यांचा डोळा असे. दोघंही आपापल्या जागी स्थिरावली की बाई उठत, आणि बापापासून लेकीपर्यंत जमिनीवर छत्री टाकत जात.

"बाई, हे काय करून राह्यल्या?" एकदा गावच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं विचारलं.

"मोजते आहे."

"काय मोजता?"

"तुम्ही आणि तुमची लेक. तीन छत्र्या भरल्या."

तो माणूस हसता हसता लोळायचा बाकी राहिला. "वावर मोजाले पटवारी येते, आता पोट्ट्या मोजाले मास्तरीण आली!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वावर मोजताना तुम्ही पटवाऱ्याच्या मागं मागं फिरता. वीतभर इकडचं तिकडं झालं तर भांडता. इथं तीन छत्र्या गेल्या, त्याचं तुम्हाला हसू येतं." त्या माणसाचं हसणं जागच्या जागी थांबलं. त्यानंतर त्या घरी आम्हाला चहा मिळाला नाही.

या मापात खोट नव्हती असं मी म्हणत नाही. चांगलीच होती, आणि एकदा सगळ्या गावासमोर उघडी पडली. एका घरी बाईंनी पाहिलं, एक धिप्पाड गडी लहान पोरीला मांडीवर घेऊन तिला गूळ-शेंगदाणे भरवतो आहे, तिच्या केसांतलं कुसळ काढतो आहे. छत्री टाकायला जागाच नाही! बाई इतक्या खूश झाल्या, की पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी त्या गड्याला पुढं बोलावलं आणि सांगितलं, "या गावात बाप म्हणावा असा हा एक माणूस आहे. बाकीच्यांनी याच्याकडं बघून शिका." गर्दीत आधी खुसखुस झाली, मग हसण्याचा लोंढाच आला. तो गडी लाजून चूर झाला. म्हणाला, "बाई, थे माही पोरगी नाई. मोठ्या भावाची आहे. माह्या पोट्ट्या तिकडं भावाजवळ उभ्या आहेत." आणि खरंच, पलीकडं त्याच्या दोन मुली त्याच्या थोरल्या भावाचं बोट धरून उभ्या होत्या.

बाईंना हे ठाऊकच नव्हतं. मला होतं, कारण मी तशाच घरातली. आमच्याकडं वडीलधाऱ्यांच्या समोर आपल्या लेकराला जवळ घेणं म्हणजे निव्वळ बेशरमपणा. बाप आपलं पोर उचलत नाही, भावाचं उचलतो. भाऊ याचं उचलतो. लेकरू रडलं तरी बाप दुसरीकडं बघतो आणि कुणीतरी घ्यावं म्हणून खाकरतो. मी बाईंना हे सगळं नीट समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सोय अशी, की लेकराला माया मिळते, फक्त बापाची मिळत नाही."

"बापाची पोटात असते हो," मी म्हणाले.

एवढं वाक्य बाईंसमोर बोलायची सोय नव्हती. त्या उसळल्याच. "पोटात! ज्याला त्याला विचारा, पोटात. पोटात काय करायची आहे? पोरीला भूक लागली आणि भाकर तुमच्या पोटात आहे, तर तिचं काय भरलं? जी पोचली नाही ती माया मी धरत नाही. मुळीच धरत नाही."

गावातली झोपडीवजा घरं बाईंच्या छत्रीला पुरत नसत. एवढ्याशा जागेत माणसं दाटीवाटीनं बसायची, अंतर असणार कुठून? बाई म्हणत, "जागा नाही म्हणून जवळ बसले, ते जवळ बसणं नव्हे." अशा घरांसाठी त्यांनी दुसरं माप काढलं. बाप कामावरून आला की पहिला शब्द कुणाशी आणि काय बोलतो. बहुतेक ठिकाणी पहिला शब्द "पाणी" असा निघे, आणि तो कुणाशीच नसे.

पण ज्या वर्षी आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात आम्ही गावाच्या खालच्या अंगाला एका घरी बसलो होतो. त्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. तिथल्या एका मजुरानं आपल्या मुलीचं नाव बदललं होतं. आधीचं नाव कचरी, आता सुजाता. संध्याकाळी तो कामावरून आला तो गल्लीच्या तोंडापासूनच हाका मारत, "सुजाता! ए सुजाता! कुठं आहे माही सुजाता?" घर चार पावलांवर, पोरगी दारातच उभी, तरी हा गडी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता. पूर्वी तो याच रस्त्यानं मान खाली घालून जायचा. बाई उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी सगळ्यात आधी तिची हजेरी घेतली, आणि जुन्या नावानं तिला चिडवणाऱ्या दोघींना मधल्या सुटीत आपल्यासमोर बसवून ठेवलं.

शाळा तपासायला डेप्युटी साहेब येत. गावकऱ्यांची तक्रार त्यांच्या कानावर गेलीच होती. "बाई, लोकांच्या घरात शिरून हे काय चालवलंय? गणित शिकवा, गणित."

"हेही गणितच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला मुलं आहेत ना साहेब? काल घरी गेल्यावर त्यांच्याशी पहिला शब्द काय बोललात?"

चपराशी साहेबांच्या तोंडाकडं बघायला लागला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी घसा साफ केला आणि पाढे म्हणायला सांगितले.

ती छत्री बाईंच्या वडिलांची होती, हे मला कितीतरी महिन्यांनी समजलं. बाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. वडिलांनी त्यांना शिकायला वसतिगृहात पाठवायचं ठरवलं, पण ते ठरलं हे त्यांना सांगितलं आत्यानं. वडील स्टेशनपर्यंत पोचवायला आले, ते मागून. भर दुपारी, ऊन नुसतं पेटलेलं, पुढं उघड्या डोक्याची पोर नि मागं काखेत मिटलेली छत्री घेतलेला बाप. सगळ्या रस्त्यात एक शब्द नाही. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून छत्री आत सरकवली आणि पाठ फिरवली. पुढं ते वारले तेव्हा बाई परीक्षेला बसलेल्या होत्या.

हे ऐकून मला रडूच आलं. मी म्हणाले, "बाई, छत्री दिली ना त्यांनी. तीच माया."

"छत्री दिली," बाई म्हणाल्या. "उघडली नाही." आणि त्या भाकरी थापायला बसल्या.

या बाईंच्या तावडीत माझे वडील सापडावेत, हे माझ्या नशिबात लिहिलेलंच होतं.

माझं माहेर जाम गावाजवळच्या एका खेड्यातलं. घरात सत्ता मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. मोठेबाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. हिंगणघाटच्या बाजारातून माझ्यासाठी रेवड्या आणणारे तेच, ताप आल्यावर रात्र रात्र कडेवर घेऊन फिरवणारे तेच. बाबांनी मला कधी उचललेलं मला आठवत नाही. थोरल्या भावासमोर उचलणार कसे? आणि मोठेबाबा समोर नाहीत अशी वेळ आमच्या घरात नव्हतीच. बाबांना मला काही सांगायचं असलं की ते आईला सांगत, आई मला सांगे. ट्रेनिंगला जायची परवानगी अशीच आईच्या तोंडून आली. नंतर आई गेली आणि आमचं टपाल बंद पडलं. मी सुटीत घरी जाई, बाबा ओसरीवर बसलेले असत, मी आत असे. ते खाकरत. मी ओळखून पाणी नेऊन ठेवी. संपलं.

एका उन्हाळ्यात मोठेबाबांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा बरा होता, घर बरं होतं, फक्त बायकोनं नोकरी करायची नाही अशी अट होती. मोठेबाबांनी ती मान्य करून टाकली. मला नोकरी सोडायची नव्हती. माझ्या आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं ते एकच होतं. मी तसं कळवलं, त्याचं उत्तर म्हणून मोठेबाबा आणि बाबा दोघंही सेलूपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं, मला न्यायला हिंगणीत येऊन थडकले.

शाळेच्या ओसरीवर सतरंजी टाकली. मोठेबाबा बसले. बाबा जरा मागं, खांबाला टेकून. मी वर्गाच्या दारात. दुपार कलायची होती, आणि सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"बाई, पोट्टीले मोकळं करा," मोठेबाबा म्हणाले. "गाडी उभी आहे. आमी घेऊन चाललो."

"हिला विचारलं का?"

"तिले काय विचाराचं? घरच्यायनं ठरवलं."

मी म्हणाले, "मोठेबाबा, मले नाई याचं." माझा आवाज मलाच परका वाटला. मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे, दुखावल्यासारखं. ज्या पोरीला कडेवर फिरवलं ती तोंडावर नाही म्हणते आहे, हे त्यांना सहन होईना. मी बाबांकडं पाहिलं. ते अंगणातल्या बैलांकडं बघत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की उठून त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं.

बाई उठल्या. मी मनात म्हटलं, आता नको हो बाई, आज नको. पण त्यांनी छत्री घेतलीच. बाबांच्या पायापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत त्या ती टाकत आल्या, आणि शेवटी तशीच मधे आडवी ठेवून दिली.

"हे काय नाटक लावलं?" मोठेबाबा म्हणाले.

"सांगते. मुलीला न्यायचं ना? न्या. राजीनामा मी आजच वर पाठवते. माझी एकच अट आहे." बाई बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तिला 'चल' म्हणून तिच्या बापानं सांगायचं. तिच्याकडं बघून. भावाकडं बघून नाही, बैलांकडं बघून नाही."

"मी सांगून राह्यलो ना!"

"तुम्ही मोठेबाबा. मला बाप पाहिजे. नोकरी तिची जाणार, लग्न तिचं होणार, एवढं सगळं तिच्यावर येणार. एक शब्द बापानं तोंडातून काढावा. कडू असला तरी चालेल. पण तिच्यापर्यंत पोचला पाहिजे."

मोठेबाबांना ही अट फारच किरकोळ वाटली असणार. ते मागं वळून म्हणाले, "सांग बापा तिले. चल म्हण आन् मोकळा हो."

बाबा हलले नाहीत. वर्गातल्या मुली पाढे म्हणायचं थांबवून दारातून डोकावायला लागल्या होत्या. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. खाकरले. सवयीनं माझा पाय पाण्याच्या माठाकडं वळला. बाई कडाडल्या, "पाणी नाही! जागेवर थांब." मग बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मोठेबाबांच्या देखत, सरळ माझ्या डोळ्यांत. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी समजलं.

"जेवली काय तू?" बाबांनी विचारलं.

मोठेबाबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकूच आलं नाही. मी मान हलवली. "नाई."

"तोंड सुकलं तुहं." मग ते भावाकडं वळले. "दादा, मी नाई म्हणत तिले चल."

"काय म्हणतं?"

"तिची माय जाताना म्हणे, पोरीले शिकू द्या, तिच्या पायावर उभी राहू द्या. मी तवाबी काई बोललो नाई. आता बोलून राह्यलो. राहू द्या तिले इथं."

"माह्यासमोर बोलतं तू हे? माह्यासमोर?"

"तुमच्याच समोर बोलाले पायजे, दादा. मांगून बोलून काय होते?" बाबा खांब सोडून पुढं सरकले. "तुमी तिले कडेवर घेतलं, मी पाहत राह्यलो. तुमचा उपकार आहे. पण लेक माही आहे."

मोठेबाबा उठले. चपला पायात सरकवल्या आणि अंगणातून तडक गाडीकडं निघाले. लग्न मोडलं होतं. घरात पुढं काय होणार होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं, बाबांना तर सगळ्यात जास्त. मी धावत अंगणात गेले, पण कुणाला थांबवू तेच कळेना. तशीच उन्हात उभी राहिले.

बाबा माझ्या मागून आले. ओसरी ओलांडताना वाटेत पडलेली छत्री त्यांनी सहज उचलली होती. तिची काय कथा आहे, तिला हात लावायचा नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना लेकीचं उघडं डोकं दिसलं आणि हातात छत्री होती, एवढंच. त्यांनी ती उघडायला घेतली. काड्या गंजून धरलेल्या. त्यांनी जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि छत्री उघडली, आणि घडीघडीवर विरलेलं ते जुनं कापड वरपासून खालपर्यंत उभं फाटलं. त्या चिंध्या माझ्या डोक्यावर धरून बाबा ओशाळे होऊन म्हणाले, "बाई, तुमची छत्री फाटली हो."

मी बाईंकडं बघायचं धाडस केलं नाही. ओसरीवरून त्यांचा आवाज आला. "फाटू द्या."

बाबा मला ओसरीच्या सावलीपर्यंत तशीच घेऊन आले. छत्री माझ्या हातात दिली. "जेवजो," म्हणाले, आणि गाडीकडं गेले. मोठेबाबा गाडीत पाठ करून बसले होते. बाबा मागं चढून बसले, तोंड माझ्याकडं करून, आणि गाडी वळेपर्यंत तसेच बसून राहिले.

मी खांबाला धरून रडत होते. किती वर्षांचं ते रडू होतं, माझं मलाच कळत नव्हतं. रडत रडत मी बाईंना म्हणाले, "बघा बाई, मी म्हणत होते ना, त्यांच्या पोटात माया होती."

बाईंनी माझ्या हातातून छत्री घेतली. मला वाटलं, मिटतील. मिटली नाही. ते फाटकं कापड तसंच डोक्यावर धरून त्या उन्हात उतरल्या आणि शाळेची घंटा द्यायला निघाल्या. अर्ध्या अंगणातून मागं वळून, सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला सुनावलं.

"होती म्हणू नकोस. आज झाली."